कोऱ्या कॉफीवर आळ

परवा नात मोबाईलवरून वाचून दाखवत होती. "दादी, ऐक. कॉफी प्यायली की लिव्हर चांगलं राहतं, असं लिहिलंय." खालच्याच ओळीत म्हणे असंही होतं, की कॉफीने कुणाकुणाच्या पोटात आम्ल वाढतं, छातीत जळजळ होते, त्यांनी जपून प्यावी.

"म्हणजे प्यायची की नाही?" मी विचारलं.

"दोन्ही," असं म्हणून ती मोबाईल घेऊन निघून गेली.

मला हसू आलं. पंचवीस वर्षांपूर्वी ह्याच प्रश्नाने माझं डोकं पिकलं होतं. तेव्हा घरात मोबाईल नव्हता, पण गोंधळ घालायला मी एकटी पुरेशी होते.

नातीचे दादा, म्हणजे माझे हे, असते तर त्यांनी तो मोबाईल खाडीत भिरकावला असता. ते शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले, मशिदीच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात, कुणी ऐको न ऐको, की कॉफीसारखी लिव्हरला वाईट वस्तू नाही, माझ्या मांचं लिव्हर कॉफीने सुजलं होतं. ते खरं नव्हतं. खरं काय ते मला आणि मांला, आम्हा दोघींनाच ठाऊक. आता मांही नाही आणि हेही नाहीत. उरले मी, तेव्हा लिहून टाकते.

मां म्हणजे माझी सासू. आमचं गाव रत्नागिरी शहरातून खाडी ओलांडली की लगेच लागतं. गावातल्या निम्म्या घरांतले पुरुष आखातात. आमचे हे मस्कतला होते. दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी, बाकीचा संसार दर शुक्रवारी, जुम्म्याला येणाऱ्या फोनवर. फोनही नुकताच घरात आला होता. त्याच्यावर मी क्रोशाचं झाकण घातलं होतं. तो वाजला की आधी झाकण काढायचं, मग उचलायचा. तोवर बिचारे तिकडे ताटकळत.

मां तेव्हा सत्तरीच्या आसपास. अंगाने काटकुळी, जिभेने मिरची. माझे सासरे बोटीवर खलाशी होते. त्यांनी हिला कॉफीची सवय लावली. तीही कोरी, दुधाचा थेंब नाही, साखर नावाला. दिवसातून तीन वेळा ती कॉफी लागे. सासरे गेले, पण कॉफी राहिली, आणि ती पाठवायचं काम लेकाकडे आलं. मस्कतहून कोणीही गावी यायला निघालं, की त्याच्या बॅगेत आमच्या घरचं एक पुडकं असायचंच. त्यात मांसाठी कॉफीची काचेची बरणी. पोरांसाठी चॉकलेटं. माझ्यासाठी पावडरचा डबा.

पावडरचा डबा! अठरा वर्षांच्या लग्नात मला निदान वीस डबे आले असतील. मी काय मैद्याचं पोतं होते? बरणीवर मात्र ह्यांच्या हाताने चिठ्ठी चिकटवलेली असे, "मां साठी." ती चिठ्ठी बघून मला आत कुठेतरी टोचायचं. तेव्हा मी हे कबूल केलं नसतं. आज करते, कारण पुढे जे झालं त्यात ह्या टोचण्याचा हात आहे.

त्या पुडक्यात आणखी एक वस्तू यायची. दुखण्याच्या गोळ्या. डोकं, गुडघे, कंबर, दाढ, सगळ्याला एकच. आखातातून आलेल्या प्रत्येक बॅगेत बाम आणि ह्या गोळ्या असतातच, अत्तर एखादवेळ राहील. पाकिटाच्या एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला अरबी. अरबी म्हणजे कुराणाची अक्षरं. अर्थ आम्हाला कळत नव्हता, पण अक्षर लावून वाचता यायचं. त्यामुळे त्या गोळ्यांवर आमचा भरवसा जरा जास्तच. ज्या पाकिटावर असली अक्षरं, त्यातून वाईट कसं होईल?

आणि ह्या गोळ्या वाटणारी मी. बेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःला अर्धी डॉक्टरीण समजायचे. पुडकं आलं की शेजारणी यायच्या, आणि मी पदर खोचून विचारायचे, "कुठं दुखतं? कधीपासून? रात्री की दिवसा?" काहीही उत्तर आलं तरी दोन गोळ्या. उत्तराने फरक पडत नसेल तर विचारायचं कशाला, हे त्या डॉक्टरणीला कधी सुचलं नाही.

मांचे गुडघे दुखायचे. म्हणून कॉफीचा कप दिला की बशीत दोन गोळ्या ठेवायच्या, ही पद्धत मीच घातली. सकाळी दोन, दुपारी दोन, दुपार कलल्यावर असरच्या नमाजानंतर दोन. कधी पाऊस-वाऱ्याने गुडघे जास्त धरले तर झोपताना आणखी. मां म्हणायची, "पाण्यानं गोळी उतरत नाय, कॉफीनं कशी सुरकन जाते." मला माझ्या सेवेचा अभिमान वाटायचा. बाहेरच्या बाया बघून म्हणायच्या, सून असावी तर अशी.

ह्या अशा सुनेच्या घरात मांचं अन्न तुटलं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आधी मासळीचा वास नकोसा झाला. आमच्या घरात मासळी नको म्हणणारा माणूस म्हणजे आजारीच. मग मळमळ. मग पोटाच्या वरच्या बाजूला जड जड. नमाजाला बसली की उठताना भिंतीचा आधार घेऊ लागली. मी ओवा दिला, आल्याचा रस दिला, सोलकढी दिली. काही होईना, तेव्हा एसटीत बसवून रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर वयस्कर, शांत माणूस. त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट बघून म्हणाले, "लिव्हरला सूज आहे."

मला लिव्हर म्हणजे कलेजी एवढं माहीत. बकरी ईदच्या दिवशी नमाजावरून माणसं परतायच्या आत तव्यावर टाकायची ती. चार मिनिटं जास्त झाली की चामड्यासारखी होते. माझ्या डोळ्यांपुढे तो तवा उभा राहिला. मी घाबरून विचारलं, "कडक झालं का हो?"

"काय?"

"लिव्हर."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "अजून नाही. पण सूज अशीच वाढत गेली तर ह्या वयात झेपणार नाही. जपायला हवं." मग त्यांनी विचारलं, "ह्या कुठलं औषध घेतात? बीपीचं, साखरेचं, काही?"

मी छाती काढून म्हणाले, "औषधाचा एक थेंब नाही डॉक्टर. आमच्या मांला औषधाची सवयच नाही."

हे मी खोटं बोलले नाही. अल्ला साक्ष आहे. औषध म्हणजे डॉक्टर देतात ते, कडू, बाटलीतलं, चिठ्ठीवर लिहिलेलं. बशीतल्या गोळ्या लेकाने पाठवलेल्या. त्या कशा औषध होतील? खजूर जसा आला तशा त्या आल्या. मांही शेजारी बसून मान डोलावत होती. तिलाही ते अगदी पटलं होतं.

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. तेलकट बंद, तिखट बेताचं, चहा-कॉफी जरा कमी, महिन्याने परत रक्त तपासा. त्या सगळ्या पथ्यातून माझ्या कानांनी उचललं काय? कॉफी. तेलकट गेलं वाऱ्यावर, "जरा कमी" मधलं "जरा" आणि "कमी" दोन्ही गेलं. परतीच्या एसटीत मी जाहीर केलं, "मां, डॉक्टरांनी कॉफी बंद केली."

"कमी बोलले ते."

"बंदच बोलले. तुम्हाला नीट ऐकू येत नाही."

"मना ऐकू येत नाय? तू मघाशी कंडक्टरला काय पुटपुटलीस ते सांगू?"

मी खिडकीबाहेर बघू लागले. पण घरी पोचल्याबरोबर बरणी उचलली आणि माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली पदराला. आज सांगते, कुलूप लावताना मला बरं वाटलं होतं. सासूच्या जिवाची काळजी होती ती होतीच. ते खोटं नाही. पण काळजीच्या खाली ती "मां साठी"ची चिठ्ठी होती, आणि ती आता माझ्या कपाटात कुलपात होती.

गावात बातमी पसरली. शेजारीण बघायला आली आणि दारातच म्हणाली, "लिव्हर? पण ते तर दारू पिणाऱ्याचं जातं ना गो?"

पाच वेळच्या नमाजी बाईला हा प्रश्न! मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मां मात्र लोडाला टेकून म्हणाली, "तुज्या घोवाला विचार. तोच येतो मना पाजायला."

शेजारीण चहासुद्धा न घेता गेली. तिला डोकेदुखीच्या गोळ्या हव्या होत्या, त्याही विसरली.

कॉफी बंद झाली आणि मांने संप पुकारला. मी सकाळी पाण्याचा पेला आणि बशीत दोन गोळ्या नेऊन ठेवल्या. तिने बशी परत सरकवली. "पाण्यानं गोळी छातीत जळते. कॉफी नाय तर गोळी पण नाय. ठेव तुज्या कपाटात, त्याला पण टाळा घाल."

"गुडघे दुखतील."

"दुखूं देत. माजे गुडघे हायत."

मला वाटलं, म्हातारी रुसली. दोन दिवसांत येईल वाटेवर. पण ती आली नाही. गुडघ्यांना मी तेल चोळायचे, तेव्हा कण्हायची, शिव्या द्यायची, माझ्या माहेरचा उद्धार करायची. गोळी मात्र घेतली नाही. महिना गेला. आणि काय सांगू, मळमळ थांबली. एक दिवस तिने स्वतःहून विचारलं, बांगडा मिळतो का बघ. मी पळत जाऊन आणला. रक्त तपासलं तर सूज पुष्कळ उतरलेली.

मी काय फुगले म्हणता! डॉक्टरांनी "छान" म्हटलं ते मला उद्देशूनच, अशी माझी समजूत. जुम्म्याला ह्यांचा फोन आला तेव्हा झाकण काढायच्या आधीच मी बोलायला सुरुवात केली असेन. "कॉफीच होती हो. कॉफीनेच झालं सगळं. मी बंद केली म्हणून मां वाचली."

तिकडून हे म्हणाले, "कॉफीने कसं होईल? इथं अरब माणूस सकाळपासून कावा, म्हणजे कोरी कॉफीच पितो. एकाचं लिव्हर गेल्याचं ऐकलं नाही."

"ते अरब आहेत. आपण रत्नागिरीचे."

 आजही मला त्या उत्तराचा अर्थ सांगता येणार नाही. पण फोन बंद झाल्यावर त्या विचाराने मला सोडलं नाही. अरब पितात, त्यांना काही नाही. सासरे जन्मभर प्यायले, ते पडावावरून समुद्रात पडून गेले, लिव्हरने नाही. मां चाळीस वर्षं पितेय, मग आताच का? शेजारणीचं म्हणणं, कॉफी उष्ण, आतून सुकवते. मग सुकलं तर सूज कशी? माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, "कॉफी पिणाऱ्या सगळ्यांचं लिव्हर सुजत असतं तर कॉफी विकली असती का?" मी म्हटलं, दारूही विकतातच की. पण मी जिंकले असं मला वाटेना. एवढं मात्र खरं की कॉफी थांबली आणि सूज उतरली. डोळ्यांदेखत. ह्यापुढे कोणाचं काय चालणार?

तीन-चार महिने बरे गेले. ईद आली. गावातला एक जण मस्कतहून आला, त्याच्याबरोबर पुडकं आलं. नवी बरणी, नव्या गोळ्या, पावडरचा डबा. मां अंगणात खुर्ची टाकून बसली होती. बरणी बघून तिने काही मागितलं नाही. नुसतं झाकण उघडलं, वास घेतला आणि लावलं. माझ्या कुलपाला त्या वासाने पाझर फुटला. म्हटलं, सणाचा दिवस आहे, आता बरीही आहे. आणि मी कॉफी केली.

कॉफी आली तशी बशी आली. बशी आली तशा दोन गोळ्या आल्या. मीच ठेवल्या. गुडघे चार महिने उपाशी होते, त्यांना पण ईद.

मग दुसऱ्या दिवशीही कॉफी झाली. मग तिन्ही वेळा सुरू झाली. दीड महिन्यात मासळीचा वास परत नकोसा झाला. ह्या वेळी डोळ्यांत जरा पिवळेपणही दिसलं. मां एकदम आक्रसून गेली. मी तिला आंघोळीला धरून नेत होते, तेव्हा तिचा हात माझ्या हातात काडीसारखा आला आणि मला खरी भीती वाटली. हे सुट्टीवर यायला अजून सात महिने होते. जाताना ते एवढंच बोलले होते, "मां तुझ्या हवाली." आता त्यांना मी काय दाखवणार होते?

भीती होती, आणि तिच्या जोडीला, मला सांगायला लाज वाटते, थोडा विजयही होता. बघा, मी म्हटलं नव्हतं? मी ती बरणी पिशवीत घातली आणि डॉक्टरांकडे गेले. मां खुर्चीत बसली, मी बरणी टेबलावर ठेवली, पोलिसाने चोरीचा माल ठेवावा तशी.

"हीच ती," मी म्हणाले.

डॉक्टरांनी बरणी फिरवून पाहिली. "कॉफी आहे."

"हिच्यानेच होतं सगळं. बंद केली की बरं, चालू केली की परत. दोनदा झालं."

"दूध, साखर किती?"

"दूध नाही. कोरी."

"कोऱ्या कॉफीने असं व्हायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "उलट अलीकडे वाचतो, लिव्हरला ती बरीच मानवते."

मला घेरी यायची बाकी राहिली. "अहो, तुम्हीच बंद केलीत ना?"

"मी जरा कमी म्हणालो होतो. पोट बिघडलं होतं, जळजळ वाढू नये म्हणून. लिव्हरसाठी नाही."

मां कोपऱ्यातून म्हणाली, "मी बोललंय हिला. हिला नीट ऐकू येत नाय."

डॉक्टरांनी बरणी बाजूला सरकवली. मग विचारलं, "कॉफी देता कशी? सगळं सांगा. उपाशीपोटी? बरोबर काय खातात?"

मी माझ्या सेवेचं वर्णन सुरू केलं. कसा कप विसळते, कसं पाणी उकळते, कधी खारी देते, कधी नाही. "आणि बशीत दोन गोळ्या."

"कसल्या गोळ्या?"

"गोळ्या म्हणजे... गोळ्या. आपल्या. मस्कतच्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी पिशवीत हात घातला. बरणीबरोबर एक पाकीट आलंच होतं. त्यांनी ते हातात घेऊन इंग्रजी बाजू वाचली. मी आपली अरबी बाजू त्यांना दिसावी म्हणून मान वाकडी करत होते.

"दिवसाला किती?"

मी बोटांवर मोजलं. सहा. कधी आठ. डॉक्टरांनी विचारलं, किती महिने? मी महिने सांगितले. कॉफी बंद असताना? तेव्हा घेतल्या नाहीत, पाण्याने जळतात म्हणून. परत कधी सुरू केल्या? ईदला. कॉफीबरोबर.

प्रत्येक उत्तर माझ्याच तोंडून बाहेर पडत होतं आणि प्रत्येक उत्तराबरोबर खुर्ची माझ्याखालून सरकत होती. शेवटचं उत्तर द्यायच्या आधीच मला कळलं होतं.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मी औषधाचं विचारलं तेव्हा ह्या का नाही सांगितल्यात?"

 मां बोलली, "औषध तुमी देता. ह्या माज्या लेकानं धाडल्या."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी समजावलं. दुखण्याची गोळी वाईट नाही, पण ती पचवायचं काम लिव्हर करतं. एवढ्या अंगाच्या, एवढ्या वयाच्या बाईला रोज सहा-आठ म्हणजे लिव्हरला उसंत नाही. आजपासून एकही नाही, आणि पंधरा दिवसांनी रक्त. सूज उतरली तर वाचल्या, नाही उतरली तर मोठ्या दवाखान्यात. गुडघ्यांसाठी लावायचं तेल आणि चालणं. "आणि कॉफी?" मी विचारलं. "कॉफी द्या. खाल्ल्यावर द्या. जळजळली तर थांबा." म्हणजे द्यायची की नाही, हे मी तेव्हाही नातीसारखंच विचारणार होते, पण तोंड उघडायची सोय राहिली नव्हती.

एसटी स्टँडवर आम्ही बाकावर बसलो. मी पिशवी मांडीवर धरून रडत होते. येणारे-जाणारे बघत होते.

"रडतंस कशाला गो? मी मेलंय काय?"

"मी मारायला निघाले होते तुम्हाला. माझ्या हाताने दिल्या."

"तू दिल्यास, मी खाल्ल्या. लेकानं धाडल्या. आता कोणाकोणाला फासावर चढवतंस?"

थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्याला सांगू नको."

"विचारलं तर?"

"विचारू दे. तू फोन माज्याकडे दे."

जुम्म्याला फोन वाजला. मी झाकण काढलं आणि रिसिव्हर सरळ मांच्या हातात दिला. ती फोनवर नेहमी ओरडून बोलायची, मस्कत लांब आहे म्हणून. त्या दिवशी हळू बोलली. "होय रे. परत बाधली. कॉफीच. तुजी बायको बरोबर बोलत होती... नाय, नाय, तू नको धाडू आता. एक पण नको धाडू. डॉक्टर पण तेच बोलले."

मी शेजारी उभी होते. हात पुढे करून रिसिव्हर घेता आला असता. खरं सांगता आलं असतं. मी तो हात पदराखाली घेतला. लेक तिकडे उन्हात राबून पुडकी बांधतो, त्याला कळलं असतं की आपल्याच पुडक्यातून आईला विष गेलं, तर त्याला घास गेला नसता. मां ते वाचवत होती. पण वाचत मीही होते. माझ्या बशीचं नाव कुठेच आलं नाही. उलट "तुजी बायको बरोबर बोलत होती." चाळीस वर्षांची कॉफी तिने त्या एका वाक्यात देऊन टाकली, आणि मी उभी राहून घेतली.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. रोज सकाळी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पिवळं किती ते बघायचे. ती वैतागायची. "बांगडा पारखतंस काय?" पंधरा दिवसांनी सूज उतरू लागली होती. डॉक्टर म्हणाले, चाललंय बरोबर. दोन महिन्यांनी रक्त जवळजवळ सरळ आलं. मी स्टँडवरच अल्लाच्या शुकराचे, आभाराचे दोन शब्द म्हटले आणि बाजारात जाऊन कॉफीची पुडी घेतली, आपल्याकडची, साधी.

घरी मांने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला तो वास नाय." पण प्यायली. रोज पिऊ लागली, जेवणानंतर, दोन वेळा. मस्कतहून बरणी यायची थांबली. गोळ्या मात्र दुप्पट येऊ लागल्या. कॉफीची जागा रिकामी झाली ना पुडक्यात! मी त्या कुणाला वाटेना, तशी गावात मी कंजूष म्हणून प्रसिद्ध झाले. शेजारणीने तर तोंडावर सांगितलं, सासू बरी झाली तशी सून बदलली.

हे सुट्टीवर आले ते पुढच्या उन्हाळ्यात. आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या पडवीत मांला कप दिला आणि हे नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला पाणी घ्यायला तिथेच आले. वास आला त्यांना. कप बघितला. आधी मांकडे, मग माझ्याकडे.

"हे काय आहे?"

मी पदराला हात पुसले.

"फोनवर काय सांगितलंस तू मला? कॉफीने लिव्हर सुजलं. मी एक बरणी पाठवली नाही तेव्हापासून. आणि तू इथं तिला स्वतःच्या हाताने पाजतेस?" त्यांचा आवाज चढला होता. लग्नाला एवढी वर्षं झाली, हे माझ्यावर कधी असे ओरडले नव्हते. "मां तुझ्या हवाली केली होती मी. मारायची आहे का तिला?"

मां कप धरून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरले नाही. सांगायचं तर सांग, असं त्या नजरेत होतं. तिने मला मोकळं केलं होतं. एका वाक्याचं काम होतं. कॉफी नाही हो, गोळ्या, तुमच्या गोळ्या. माझा सगळा अपराध अर्धा झाला असता, आणि अर्धा त्यांच्या डोक्यावर गेला असता. आठ दिवसांनी त्यांना परत जायचं नव्हतं, पण दोन महिन्यांनी जायचं होतं, आणि परत तिकडे एकट्याने पुडकं बांधायचं होतं.

"चुकलं," मी म्हणाले. "त्यांनी हट्ट केला, मी दिली."

"हट्ट केला म्हणून? तुला अक्कल नाही?"

"नाही," मी म्हणाले. आणि त्या वर्षभराचा हिशेब बघता ते काही खोटं नव्हतं.

त्यांनी मांच्या हातातून कप घेतला आणि केळीच्या बुंध्यात ओतला. रिकामा कप माझ्या हातात ठेवून, वजू करून, टोपी चढवून ते मशिदीकडे गेले. जाताना पाठ ताठ होती. आईचा जीव वाचवून निघालेल्या माणसाची पाठ.

मी तशीच उभी. मां पडवीच्या कठड्याला हात टेकून वाकली आणि पाखाडीच्या पायऱ्यांवरून त्यांची टोपी खाली जाताना बघत राहिली. टोपी वळणाआड गेली.

"आज जुम्मा, मशिदीत नमाज लांबतो," ती म्हणाली. "जा, पाणी ठेव. आणि ह्या वेळी दोन कप कर."